रुळांकांठची भाजी

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या गाडींत खिडकीशेजारीं बसलेल्या उतारूला शीव मागें पडल्यावर, कुर्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडेही, एक दृश्य कित्येक वर्षें दिसत आलें. दोन्ही बाजूंस कारखान्यांच्या भिंती, चाळी, पत्र्यांचीं छपरें. आणि त्यांच्या मधोमध, लोखंडी रुळांना खेटून, हिरवेगार चौकोनी वाफे. तांबडा माठ, पालक, मुळा, अळू, कोठें भेंडीची एखादी ओळ. काळवंडलेल्या त्या पट्ट्यांत तेवढाच डोळ्यांस गारवा. एखादा गडी लुंगी गुडघ्यावर खोचून डब्यानें पाणी शिंपडीत असे. तें पाणी कोठून येतें हें पाहण्याइतकी उसंत धांवत्या गाडींत मिळत नाहीं. पण गाडी सिग्नलापाशीं अडकून पडली म्हणजे तेंही दिसे. वाफ्यांच्या कडेनें वस्तीचा नाला वाहतो, डबा त्यांतच बुडतो, आणि उपटलेल्या भाजीच्या मुळांची मातीही पुष्कळदां त्यांतच विसळली जाते. संध्याकाळीं त्याच भाजीच्या जुड्या स्टेशनाबाहेर विकावयास येतात, आणि सकाळीं जो उतारू ते वाफे पाहून सुखावला होता तोच त्यांतली एखादी जुडी घरीं नेतो.

त्या जुडीनें घरांत कोणी आजारी पडलें तर जबाबदार कोण? घरोघर याचें उत्तर तयार असतें. पिकविणारा अस्वच्छ, विकणारा बेपर्वा. हें उत्तर फार सोपें आहे, आणि म्हणूनच तें पारखून घेतलें पाहिजे. कुर्ल्याच्या जमिनीचा आणि पाण्याचा गेल्या दोन शतकांचा इतिहास चाळला तर या एका जुडीमागें बरीच मोठी मंडळी उभी असलेली दिसते, आणि डबा धरणारा माणूस त्या रांगेंत सर्वांत शेवटीं येतो.

कुर्ला हें मूळचें साष्टी बेटाच्या दक्षिण टोंकावरचें गांव. मुंबई बेटांत शिरण्याची वाट शिवेजवळच्या खाडीनें तोडलेली होती. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत शीव व कुर्ला यांना जोडणारा बांध १८०५ च्या सुमारास पुरा झाला, आणि साष्टींतला माल पाय न भिजवितां मुंबईंत येण्याची सोय झाली. १८०८ त कुर्ला आणि आसपासचीं सहा गांवें होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्यास, मुंबईंतील त्याच्या जागेच्या मोबदल्यांत, सरकारनें देऊन टाकलीं. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें हा लोहमार्ग याच गांवच्या शिवारांतून गेला. पाठोपाठ गिरण्या आल्या; त्यांतली धरमसी यांची गिरणी जमशेटजी टाटा यांनीं १८८६ त विकत घेतली आणि तिचें नांव ‘स्वदेशी’ ठेवलें. शेतांच्या मधून रूळ आणि शेतांच्या कडेला गिरणी, अशी कुर्ल्याची मांडणी तेव्हांच ठरून गेली.

पाण्याची हकीकत याहून बोलकी आहे. वाढत्या मुंबईला विहिरी व तळीं पुरेनात, तेव्हां मिठी नदीच्या उगमाकडील खोऱ्यांत विहारचा तलाव बांधण्यांत आला, आणि १८६० त त्याचें पाणी नळावाटे शहरांत पोंचलें. पुढें तीस वर्षांनीं पवईचाही तलाव झाला. नदीचें स्वच्छ पाणी असें वरच्यावर अडविलें गेल्यावर खालीं कुर्ल्याकडे काय वाहणार? पावसाळ्यांत तलावांची सांड, आणि उरलेले आठ महिने कांठच्या वस्त्या व कारखाने जें सोडतील तें. मिठीची लांबी ती केवढी, अवघी अठरा किलोमीटरच्या आंतबाहेर. पण तिचें डोकें शहरानें घेतलें आणि धड उपनगराच्या वाट्यास आलें. घनकचऱ्याचीही तीच तऱ्हा. शहराचा केर चेंबूरच्या दलदलींत नेऊन टाकण्यासाठीं १९०६ सालीं कुर्ल्याहून चेंबूरकडे लोहमार्ग टाकण्यांत आला. त्या मार्गावर उतारूंची गाडी धांवूं लागली ती १९२४ त. म्हणजे अठरा वर्षें त्या रुळांवरून मुंबईचा कचरा जात होता, आणि माणसें मागाहून आलीं.

नाल्याचें पाणी भाजीला देण्याची कल्पना मात्र एकाएकीं निघालेली नाहीं. तिच्यामागें एक जुनी आणि पुष्कळ अंशीं शहाणी अशी वहिवाट आहे. मनुष्याचा मैला हें उत्तम खत होय, हें शेतकऱ्याला कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. मराठींत त्याला नांवच ‘सोनखत’ असें मिळालें. गटारें होण्यापूर्वीं मुंबईंत हलालखोर घरोघरचा मैला टोपल्यांनीं व गाड्यांनीं नेत. दख्खनच्या शहरांतून म्युनिसिपालिट्या तो खड्ड्यांत घालून, राख आणि माती यांत मुरवून, वाळवून बागायतदारांस विकीत. पुण्याजवळ मुठेचा कालवा आला, उसाची लागवड वाढली, आणि पुणें म्युनिसिपालिटीच्या सोनखतास मुंढवें-हडपसरकडचें गिऱ्हाईक मिळालें. आरंभीं विटाळाची शंका काढणारे बागायतदार पुढें पुढें भावाची घासाघीस करूं लागले. पीकही असें कीं, ज्याचा रस गुऱ्हाळांत कढईवर चांगला आटवावा लागतो. तेव्हां खतांत कांहीं दोष उरलाच तर तो चुलाणावर नाहींसा व्हावा.

या व्यवस्थेंत क्रौर्य होतें, हें लपविण्याचें कारण नाहीं. विवक्षित जातींच्या माथीं तें काम पिढ्यान्‌पिढ्या मारलेलें होतें. १९३२ सालीं अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगांत होते; भंगीकाम आपणांस करूं द्यावें अशी त्यांनीं मागणी केली, ती नाकारली गेल्यावर अन्न वर्ज्य केलें, आणि येरवड्याच्या तुरुंगांतून गांधीजींनीं त्यांस पाठिंबा दिला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत त्यांनीं, मैल्यास हात न लावतां त्याचें खत व्हावें, अशा संडासांचे प्रयोग केले. क्रौर्य जावें आणि खत राहावें, असा तो प्रयत्न होता. त्याची कीर्ति ग्रामसेवकांच्या वर्तुळाबाहेर म्हणावी तितकी गेली नाहीं, हें खरें.

परंतु सोनखताच्या व्यवहाराचा एक गुण येथें ध्यानीं घेण्याजोगा आहे. मैला हा हातीं धरतां येणारा माल होता. त्याला उचलणारा होता, मुरविणारा होता, विकणारा आणि विकत घेणारा होता. आणि यांतल्या प्रत्येकास दुसऱ्याचा ठावठिकाणा माहीत होता. खत कच्चें निघालें तर तक्रार कोठें न्यावयाची याविषयीं संशय नव्हता. शिवाय खड्ड्यांत पडून राहण्याची मुदत ही या पद्धतीचा भागच होती, आणि रोगजंतु मारण्याचें पुष्कळसें काम ती मुदत करी. मग तें शास्त्र करणाऱ्यास ठाऊक असो वा नसो. पुढें शहरांत भुयारी गटारें आलीं. मुंबईचें सांडपाणी वरळीच्या लव्ह ग्रोव्ह येथील पंपांनीं समुद्रांत लोटलें जाऊं लागलें. आरोग्याच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ. पण मैला पाण्यांत मिसळला आणि त्याचबरोबर त्याचा मालकही नाहींसा झाला. गटारांतलें पाणी कोणाच्या घरचें हें कोण सांगणार?

कुर्ल्यापासून फार दूर नाहीं अशा माटुंग्यास, याच संक्रमणाच्या काळांत, एक वेगळा प्रयोग घडला. म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकारानें १८९० त तेथें निराधार कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम निघाला. हाच पुढें वडाळ्याचें अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखला गेला. आश्रमाचें सांडपाणी बाहेर सोडण्याऐवजीं तेथल्याच शेताला देण्यांत आलें, आणि अंगांत ताकद असलेले रहिवासी त्या शेतांत काम करीत. मैल्याच्या टांकींतून निघणारा वायुही वायां न घालवितां १८९७ च्या सुमारास दिव्यांसाठीं वापरण्यांत आला. हिंदुस्थानांत अशा वायूच्या उपयोगाचें जुन्यांतलें जुनें उदाहरण म्हणून तज्ज्ञ त्याचा उल्लेख करतात. ज्यांना समाजानें वाळींत टाकलें त्यांच्याच हातून ही शेती व्हावी, यांत सोयीचा भाग किती आणि दयेचा किती, याविषयीं मतभेद होईल. पण जबाबदारीच्या दृष्टीनें पाहतां येथें घोटाळा नव्हता. पाणी आश्रमाचें, जमीन आश्रमाची, काम करणारीं माणसें आश्रमाचीं. त्यांना आंघोळीला पाणी, जेवण आणि औषध देण्याचें कर्तव्यही आश्रमाचेंच. बिघडलें तर विचारावयास एक दार होतें.

कुर्ल्याच्या रुळांकांठीं असें एकही दार उरलें नाहीं. तें कसें, हें पाहण्यासाठीं दुसऱ्या महायुद्धाकडे यावें लागतें. १९४२ त ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यांत मुंबईंत रेशनिंग सुरू झालें; त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळानें देश हादरला. ‘अधिक धान्य पिकवा’ ही घोषणा त्या दिवसांतली. परसांत, मैदानांत, बंगल्यांच्या बागांत कांहींना कांहीं पिकविण्याचा तेव्हां उत्साह होता. लढाई संपली, टंचाईही कालांतरानें ओसरली, पण घोषणेचें नांव मागें राहिलें. रेल्वेनें आपल्या मोकळ्या जमिनी खालच्या श्रेणीच्या नोकरांस अल्प फी घेऊन लागवडीस देण्याची जी योजना पुढें चालविली, तिलाही हेंच नांव मिळालें. धान्यापेक्षां दुसरा एक हेतु तींत प्रबळ होता. जमीन पिकाखालीं असली म्हणजे तीवर झोपड्या उठत नाहींत. भाजी ही एका अर्थानें रेल्वेच्या हद्दीची राखण करीत होती. बिनपगारी राखणदारच म्हणा ना.

आतां या वाफ्यांतली माणसें पाहावीं. परवाना रेल्वेच्या नोकराच्या नांवावर असे. पण गॅंगमननें किंवा पोर्टरनें आपली पाळी संपवून कुदळ हातीं घ्यावी, असें थोड्याच ठिकाणीं घडलें. जमीन कसणारा बहुधा दुसराच असे. उत्तरेकडून, उत्तर प्रदेश-बिहारांतून, मुंबईंत आलेला, पिकाचा वांटा किंवा ठराविक रक्कम परवानेदारास देणारा, आणि वाफ्याजवळच्याच खोपटांत राहणारा. नळाचें पाणी त्याच्यासाठीं नव्हतें. विहीर खणण्याइतका जमिनीवर त्याचा हक्क नव्हता. परवाना वर्षाअखेर राहील कीं जाईल हें त्याला ठाऊक नव्हतें, म्हणून तो पंधरा दिवसांत, महिन्यांत हातीं येईल असेंच पीक घेई. आणि तें म्हणजे पालेभाजी. पालेभाजीला रोज पाणी लागतें, आणि रोज मिळणारें फुकट पाणी एकच. नाल्याचें. १९५० सालीं कुर्ला मुंबई महापालिकेंत सामील झाला, त्यानंतर लोकवस्ती झपाट्यानें वाढली, आणि गटारांचें जाळें पोंचण्याच्या कितीतरी आधीं माणसें पोंचलीं. त्यांच्या संडासांचें, मोऱ्यांचें, भंगारवाल्यांच्या व धातूंच्या लहानसहान कारखान्यांचें पाणी त्याच नाल्यांत उतरलें. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे शौचकूप बंद टांकीचे होईपर्यंत त्यांतील मैलाही रुळांवरच पडत असे, आणि १९९१ त कुर्ल्यालाच लोकमान्य टिळक टर्मिनस झाल्यावर अशा गाड्यांची ये-जा येथें वाढली. २६ जुलै २००५ च्या प्रलयांत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी फुगली आणि कुर्ल्यांत रूळ, नाला, वाफे व घरें हीं सर्व एकाच पाण्याखालीं गेलीं. त्या दिवशीं कोणतें पाणी कोणाचें हा भेद उघड्या डोळ्यांनीं मिटलेला दिसला. एरवींही तो फारसा नव्हता.

या गड्यानें दिवसाकाठीं शौचास कोठें जावें? प्रश्न ओंगळ वाटेल, पण भाजीच्या इतिहासांत तो मध्यवर्ती आहे. गिरणीची भिंत मध्यें धरून विचार केला तर गोष्ट स्पष्ट होते. भिंतीच्या आंत साच्यावर उभा असलेला कामगार आणि भिंतीबाहेर माठ खुडणारा गडी यांच्यांत अंतर थोड्या हातांचें. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें आंतल्या कामगारासाठीं पिण्याचें पाणी, मुताऱ्या आणि संडास ठेवणें मालकावर बंधनकारक केलें. १९५१ च्या मळेकामगार कायद्यानें चहा-कॉफीच्या मळ्यांतही तीच सक्ति आणली. भाजीच्या शेताला मात्र असा कायदा झाला नाहीं. त्याचें कारण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. गिरणीला मालक असतो, त्याची कचेरी असते, तेथें इन्स्पेक्टर जाऊन पाटी वाचूं शकतो. रुळांकांठच्या वाफ्यावर इन्स्पेक्टरानें कोणाचें नांव वाचावें? जमिनीचा मालक रेल्वे, परवानेदार तिचा नोकर, कसणारा तिसरा. तिघांपैकीं ‘मालक’ म्हणून संडास बांधण्याची जबाबदारी कोणावर लादावी?

हा प्रश्न गरीब देशांचाच आहे असें समजूं नये. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियासारख्या सधन भागांतही, मेक्सिकोहून आलेले मजूर भाजी तोडीत आणि त्यांच्यासाठीं शेतांत ना शौचकूप असे ना हात धुण्याचें पाणी. तशी सोय सक्तीची करावी असा अर्ज मजुरांच्या बाजूनें सरकारकडे १९७२ सालीं गेला. नियम झाला तो १९८७ त. मध्यें पंधरा वर्षें कोर्टकचेऱ्या, मुदती आणि सबबी. अखेर न्यायालयानें सरकारच्या दिरंगाईवर कडक शब्दांत ठपका ठेवला, तेव्हां कुठें वीस मजुरांमागें एक शौचकूप व हात धुण्याची सोय, तीही पाव मैलाच्या आंत, असें ठरलें. तरी ज्या शेतावर एका वेळीं अकरांपेक्षां कमी मजूर असतील तें या नियमांतून सुटलेंच. लहान शेत म्हणजे जणूं तेथल्या माणसांना लहान गरजा.

येथें शास्त्राचें म्हणणें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ त कलकत्त्यास पटकीचे जंतु तळ्याच्या पाण्यांत दाखविले, तेव्हांपासून दूषित पाण्याची भीति सुशिक्षितांच्या मनांत बसली. पण नाल्याच्या पाण्याचा पहिला बळी भाजी खाणारा नसतो; भाजी पिकविणारा असतो. अंकुशकृमि अनवाणी पायाच्या कातडींतून आंत शिरतो, आणि पायांत कांहीं न घालतां चिखलांत तासन्‌तास उभा राहणारा माणूस त्याला आयता सांपडतो. नागपूर येथें १९५८ त स्थापन झालेल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, जी पुढें ‘नीरी’ या नांवानें प्रसिद्धीस आली, देशांतील निरनिराळ्या शहरांच्या मलजलावरील शेतांत काम करणाऱ्या मजुरांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९७३ त प्रसिद्ध झाले. इतर शेतमजुरांशीं तुलना करतां त्यांच्यांत अंकुशकृमींचें प्रमाण दुपटीहून जास्त होतें, आणि गोल जंतांचें त्याहीपेक्षां अधिक पटींनीं. अंकुशकृमि रक्त शोषतो. रक्त कमी झालेला माणूस लवकर थकतो. थकलेला माणूस दूरच्या नळावर पाणी आणावयास जात नाहीं. ज्याला आपण घाणीचें कारण म्हणतों तोच त्या घाणीनें आधीं खंगलेला असतो.

यानंतर पाळी खाणाऱ्याची. आपल्याकडे पालेभाजी शिजवून खाण्याची चाल आहे, आणि तिनें किती घरें वांचविलीं असतील याची मोजदाद कोणीं ठेवलेली नाहीं. तरी कोथिंबीर वरून भुरभुरविली जाते, मुळ्याची कोशिंबीर कच्चीच होते, आणि गोल जंतांचीं अंडीं ओल्या मातींत महिनेच्या महिने जिवंत राहतात. शिवाय नाल्यांत शिसें, कॅडमियम यांसारख्या धातूंचा अंश असला तर त्यावर चुलीचा इलाज चालत नाहीं. उकळल्यानें जंतु मरतो, शिसें मरत नाहीं. १९७० सालीं यरुशलेममध्यें पटकीची सांथ आली. शहराच्या सांडपाण्यावर पिकविलेल्या व कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांकडे तिचा माग लागला. तीं पिकें नष्ट करण्यांत आल्यावर सांथ ओसरली. चिली देशांत सांतियागो शहराभोंवतीं अशीच शेती होती आणि विषमज्वर तेथें ठाण मांडून बसला होता. १९९१ त शेजारच्या पेरूमध्यें पटकी उद्भवतांच, कच्च्या खाण्याच्या भाजीला सांडपाणी देण्यास तेथें कडक बंदी झाली. पटकी आटोक्यांत राहिली, आणि विषमज्वरही झपाट्यानें उतरला. वर्षानुवर्षांच्या विषमज्वराला जें साधलें नाहीं, तें परदेशच्या पटकीच्या धाकानें कांहीं महिन्यांत साधलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८९ त असें माप घालून दिलें होतें कीं, कच्च्या भाजीला द्यावयाच्या पाण्याच्या शंभर मिलिलिटरांत मैल्यांतील जंतु एक हजाराच्या वर नसावे आणि जंतांचें अंडें एका लिटरांत एकाहून जास्त नसावें. हें माप मोठें उदार समजलें जातें. कुर्ल्याच्या नाल्याला तें लावून पाहण्याची गरजच नाहीं. डोळे आणि नाक पुरतें.

दोष कोणावर, हें ठरविण्याची घाई किती महागांत पडते याचें एक उदाहरण २०११ तलें आहे. जर्मनीच्या उत्तर भागांत माणसें रक्ताच्या हगवणीनें आजारी पडूं लागलीं. पन्नासांहून अधिक दगावलीं. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनीं बोट दाखविलें तें स्पेनच्या काकड्यांकडे. बाजार कोसळला, स्पेनमध्यें काकड्यांचे ढीग फेंकून द्यावे लागले. कांहीं दिवसांनीं निष्पन्न झालें कीं, काकडी निर्दोष होती. दोष मोड आलेल्या मेथीचा होता आणि तें बियाणें ईजिप्तहून आलेलें असावें. युरोपच्या संघानें भाजीवाल्यांस भरपाई दिली. कारण तेथें भरपाई मागणाऱ्याला नांव होतें, संघटना होती, सरकार होतें. रुळांकांठच्या गड्याची जुडी चुकून दोषी ठरविली गेली असती तर त्यानें दाद कोणाकडे मागावी, हें सांगणें कठीण आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी. त्याच्या जुडीनें खरोखर आजारी पडलेल्या कुटुंबासही ती जुडी कोणत्या वाफ्यांतली हें सिद्ध करतां येत नाहीं. बाजारांत माठाच्या सगळ्या जुड्या सारख्याच तांबड्या दिसतात.

आपल्या अन्नविषयक कायद्यांचा ओघ पाहिला तर त्यांची नजर प्रथमपासून दुकानाकडे व टोपलीकडे होती असें आढळतें. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यानें विक्रीस मांडलेलें नासकें अन्न तपासण्याचा व जप्त करण्याचा अधिकार कमिशनरांस दिला. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा दुधांतल्या पाण्याविरुद्ध आणि तेलांतल्या लबाडीविरुद्ध झाला. भाजी ही त्याची मुख्य चिंता नव्हती. २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा त्यामानानें पुष्कळ व्यापक. पण शेतकरी, शेतीचें काम आणि शेतांतलें पीक यांना हा कायदा लागू नाहीं, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. शेतमाल शेतकऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं गेला म्हणजे मगच तो कायद्याच्या अर्थानें अन्न होतो. शेतकऱ्यावर इन्स्पेक्टरांचा जाच होऊं नये हा यांतला हेतु वाजवी आहे. खेड्यांतल्या लहान कुणब्याला खटल्यांत ओढणें कोणासही रुचलें नसतें. परंतु परिणाम असा झाला कीं, कारखान्यांचा कायदा गिरणीच्या भिंतीशीं थांबला आणि अन्नाचा कायदा टोपलीपासून सुरू झाला. दोहोंच्या मधला जो हातभर पट्टा, जेथें पाणी शिंपलें जातें आणि पान खुडलें जातें, तो कोरा राहिला. त्या पट्ट्यांत पाण्याची जबाबदारी महापालिकेची असें रेल्वेनें म्हणावें, जमिनीची जबाबदारी रेल्वेची असें महापालिकेनें म्हणावें, आणि दोघांनीं मिळून गड्याकडे पाहावें.

येथें एक आक्षेप घेतला जाईल. गड्याला नाला दिसत नाहीं काय, त्याला वास येत नाहीं काय? दिसतो आणि येतोही. त्याला सर्वस्वीं निर्दोष ठरविण्याचें कारण नाहीं. नाल्यांत जुडी विसळण्याची सक्ति त्याच्यावर कोणीं केलेली नव्हती. परंतु निवड करावयास दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. माटुंग्याच्या आश्रमानें आपल्या रहिवाशांना शेताबरोबर मोरीही दिली होती. पुण्याच्या म्युनिसिपालिटीनें मैला विकण्यापूर्वीं तो मुरविला होता. रुळांकांठीं मात्र जमीन देणाऱ्यानें पाणी दिलें नाहीं, आणि पाणी सोडणाऱ्यानें तें शुद्ध केलें नाहीं. फी तेवढी नियमानें घेतली गेली.

या भाजीविषयीं वृत्तपत्रांतून वेळोवेळीं ओरड झाली. प्रयोगशाळांत नमुने गेले. त्या ओरडीचा रोख बहुधा भाजीवरच राहिला आणि नाल्यावर क्वचितच गेला. अलीकडच्या वर्षांत रेल्वेनें मुंबईंतली ही शेती आवरती घेण्याकडे कल दाखविला आहे. परवाने संपले म्हणजे फी बंद होते आणि हिशेबाचें पान मिटतें. वाफा मोडला कीं खोपटांतला गडी आपली कुदळ, डबे व बियाण्याची पुरचुंडी उचलतो आणि ज्या ओढ्याच्या कांठीं अजून कोणी हटकीत नाहीं असा ओढा शोधूं लागतो. पालेभाजीला तीन-चार आठवडे पुरतात. नाला त्या मोडलेल्या वाफ्याशेजारून पूर्वींसारखाच मिठीकडे जातो, आणि मिठी माहीमच्या खाडीकडे.